नानांची पेटी

आमच्या आजीच्या तोंडी कधी सन आला नाही. तिचा काळ गाजलेल्या गोष्टींवरून मोजला जायचा. माझे थोरले काका तिच्या माहेरी जन्मले ते शेणोलीला पगाराची गाडी लुटली त्या मिरगात. माहेरच्या मळ्यातली विहीर खणली ती नाना उघड झाले त्या साली. आणि धाकट्या नणंदेला कराडला दिली ती नाना दिल्लीला गेले त्या साली. पुढं शाळेत सनावळ्या पाठ करायला लागलो तेव्हा मी तिचे हे टप्पे पुस्तकाशी ताडून पाहिले. १९४३, १९४६, १९५७. एकही चुकला नव्हता.

तिचं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. सासर कोरेगाव तालुक्यात. आजच्या नकाशावर पाहिलं तर एक घर सांगलीत, दुसरं साताऱ्यात. पण ती नांदायला आली तेव्हा हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. संस्थानं विलीन झाली आणि १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे पडले. आजीला हे तुकडे शेवटपर्यंत मान्य नव्हते. ती माहेरी निघाली की 'खाली चालले' म्हणायची, दुसऱ्या जिल्ह्यात चालले असं कधी म्हणाली नाही.

नाना घरोघरी असतात. पण आमच्याकडं गावाचं नाव न लावता नुसतं 'नाना' म्हटलं की ते येडेमच्छिंद्रचे नाना रामचंद्र पाटील. क्रांतिसिंह ही पदवी सभेत आणि फलकावर. घरात नानाच.

त्यांच्यावर लिहिलेलं जे जे हाती लागलं ते मी वाचत आलो आहे. बहुतेक ठिकाणी प्रतिसरकारच्या पर्वाला पानंच्या पानं मिळतात आणि पुढच्या तीस वर्षांना ओळ-दोन ओळी. 'स्वातंत्र्यानंतर ते दोनदा लोकसभेवर निवडून आले', संपलं. माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र ही गोष्ट अशी तोडून कधी सांगितली नाही. त्यांच्या सांगण्यात ४२ चे नाना आणि ५७ चे नाना एकाच रस्त्यानं चालत येतात. त्यांचं तेच सांगणं मला खरं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. तरुणपणी त्यांनी तलाठ्याची नोकरी केली. माझे आजोबा या एका गोष्टीवर फार भर द्यायचे. ते सांगत, "तलाठी व्हता त्यो. कागूद कसा फिरतो ते त्याला म्हाईत व्हतं." शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद सावकाराकडं कसा जातो, पाटील-कुलकर्णी-मामलेदार या साखळीत गरिबाची कुठं अडवणूक होते, हे ज्याच्या हाताखालून गेलेलं, असा माणूस १९३० च्या कायदेभंगात नोकरी सोडून बाहेर पडला. त्यानंतरची बारा वर्षं सभा आणि तुरुंग यांत गेली. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसं पडली. त्यानंतर जिल्ह्यातल्या तरुणांनी मोर्च्यांची वाट सोडली आणि भूमिगत होऊन स्वतःचं सरकार, म्हणजे प्रतिसरकार, उभं केलं. नाना त्याचे पुढारी. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर, किसन अहीर ही त्यांच्याबरोबरची माणसं. कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं शिक्षण चालायचं. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ सालीच प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना केली होती. इंग्रजी मुलखातून निसटलेल्या माणसाला तिथं श्वास घेता यायचा.

शेणोलीची गाडी, धुळ्याचा लुटलेला खजिना, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या घरात मात्र त्यांपेक्षा जास्त सांगितला जायचा तो एक निवाडा. आजीच्या माहेरच्या भावकीत बांधाचं भांडण होतं. दोन पिढ्या ते इस्लामपूरच्या कोर्टात पडून होतं आणि दोन्ही घरांची जनावरं वकिलाच्या फीपायी विकली गेली होती. प्रतिसरकारचं न्यायदान मंडळ रात्री उसाच्या फडात बसलं. दोन्ही बाजूंना बोलावलं, गावातली चार वयस्कर माणसं साक्षीला घेतली. आजीचे वडील हे सांगताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, असं आजी म्हणायची: "कोर्टात आमचा वकील काय बोलला ते आमाला कवा कळलं न्हाय. फडात समदं कळलं." पहाटेच्या आत बांध ठरला, आणि तो बांध आजही तिथंच आहे.

याच सांगण्याला दुसरी बाजूही होती, आणि ती सांगताना म्हातारी माणसं आवाज खाली आणत. फितुराला आणि गुंडाला शिक्षा कडक असे. तळपायावर काठ्या बसत, माणूस महिनोन्‌महिने चालायचा नाही. सगळ्याच शिक्षा न्यायाच्या होत्या असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. पण त्या चार वर्षांत गावात चोरी झाली नाही, दारूचे गुत्ते बंद पडले, आणि हुंडा-मानपान यांशिवाय गांधी पद्धतीनं लग्नं लागली, हेही ते सांगत. दोन्ही एका दमात सांगत. मीही दोन्ही इथं ठेवतो.

नानांच्या घराला या सगळ्याची किंमत मोजावी लागली. घरावर जप्ती आली, जमीन गेली. त्यांची मुलगी हौसाताई हिची आई ती तीन वर्षांची असतानाच वारलेली. ती स्वतःच्या आजीच्या हाताखाली वाढली आणि वयात येताच स्वतः चळवळीत उतरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारामारीचं सोंग करून पोलिसांना बाहेर काढायचं आणि तेवढ्यात आतली हत्यारं उचलायची, हा बेत तडीस गेला त्यात बायकोचं सोंग हौसाताईंचं होतं. सोंग खरं वाटावं म्हणून खाल्लेला मार खराच होता, हे त्यांनी म्हातारपणी स्वतः सांगून ठेवलं. नव्वदी ओलांडल्यावर, २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. माझ्या आजीला त्यांच्याबद्दल विशेष अभिमान होता. दोघी साधारण एका वयाच्या.

१९४६ साली नाना उघड झाले. देश स्वतंत्र झाला. आणि इथं बहुतेक पुस्तकं मिटतात.

आता प्रश्न असा की चार वर्षं स्वतःचं सरकार चालवलेला माणूस स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा राज्य मागायला का उभा राहतो? संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास आपण मुंबईतून वाचतो. बेळगावचं १९४६ चं साहित्य संमेलन, शंकरराव देवांची परिषद, दार कमिशन, फाजलअली कमिशन, फ्लोरा फाउंटन. हे सगळं खरं आहे. पण कृष्णाकाठच्या शेतकऱ्यानं हे कमिशनांचे अहवाल वाचले नव्हते. त्याला मुंबई मिळायला हवी होती हेही खरं, कारण त्याच्या घरचा एक तरी माणूस तिथं गिरणीत होता. त्यापलीकडं मात्र त्याच्याजवळ एक अनुभव होता, जो पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांजवळ नव्हता. आपल्या बोलीत बोलणारं, आपल्याला समजणारं सरकार कसं असतं हे त्यानं उसाच्या फडात बसून पाहिलं होतं. ते पाहिलेल्या माणसाला सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत पसरलेलं द्वैभाषिक राज्य पटणं अवघड होतं. आजोबांचं वाक्य होतं, "सवराज आलं पर निम्मंच आलं." उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी नानांना मत दिलं. साताऱ्यात ही चळवळ इतकी खोल का गेली, याचं माझ्या मते हे पहिलं कारण आहे, आणि ते इतिहासात पुरेसं नोंदलं गेलेलं नाही.

दुसरं कारण मुंबईहून मनीऑर्डरीबरोबर आलं. आजोबांचे थोरले भाऊ लालबागला चाळीतल्या एका खोलीत सातारकडच्या गाळेकऱ्यांबरोबर राहत आणि गिरणीत साच्यावर काम करत. आम्ही त्यांना मोठे आबा म्हणायचो. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव पेटलं. मोठे आबा त्या आठवड्यात चाळीच्या जिन्यात झोपत होते, कारण खोलीच्या खिडकीतून गोळी आत येण्याची भीती होती. या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा, एकशे पाच, आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होता. पडलेल्यांत आमच्या गावचा कोणी नव्हता. पण पुढच्या उन्हाळ्यात मोठे आबा गावी आले तेव्हा पारावर त्यांच्याभोवती रोज माणसं जमायची आणि तीच हकिकत पुन्हा सांगायला लावायची. शाहिरांची पथकं नंतर आली. वाळव्याच्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख, त्यांचा आवाज गावात पोचण्याआधी चळवळ अशी मनीऑर्डरीनं आणि सुट्टीवर आलेल्या गिरणी कामगारानं पोचवली होती.

नाना तोवर काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात आणि तिथून पुढं डाव्या वाटेनं कम्युनिस्ट पक्षात गेले होते. १९५५ साली डहाणूला भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. वारकरी वळणाच्या सातारी शेतकऱ्याला कम्युनिस्ट हा शब्द जवळचा नव्हता. पण माणूस जवळचा होता. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवाखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून मोठं मुंबई राज्य झालं, आणि त्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. तेही याच मातीतले. त्यांचा जन्म देवराष्ट्रेचा, सागरेश्वराच्या डोंगराजवळचा. येडेमच्छिंद्रपासून ते गाव काही दूर नाही. तेही ४२ चे भूमिगत, तेही तुरुंग भोगलेले.

१९५७ ची निवडणूक सातारा भागात म्हणून जड गेली. परक्याविरुद्ध लढणं सोपं असतं. इथं दोन्ही बाजूंना घरचीच माणसं होती. १९५५ च्या अखेरीस फलटणच्या बैठकीत यशवंतरावांनी सांगून टाकलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. त्या एका उद्गारानं कितीतरी घरं दुभंगली. आमच्या आजोबांच्या बहिणीला ५७ सालीच कराडला दिलेली. तिचे यजमान यशवंतरावांच्या प्रचारात रात्रंदिवस फिरत होते आणि इकडं आजोबा समितीची पत्रकं सायकलवरून वाटत होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी दाजी सासुरवाडीला जेवायला आले नाहीत. दाजींचं मत मी पुढं त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. राज्य मिळवायचं असेल तर दिल्लीच्या आत बसूनच मिळेल, बाहेर ओरडून मिळणार नाही, असं ते शांतपणे सांगत. आजोबा म्हणत, बाहेर कोणी ओरडलंच नाही तर आतल्याचं दिल्ली ऐकेल कशाला? दोघंही गेले. वाद मिटला नाही, पण जेवणं पुढच्या दिवाळीपासून सुरू झाली होती.

मतदानाची गोष्ट आजीची. तेव्हा पुढच्या काळातल्यासारखी चिन्हं छापलेली मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं, आणि हातात दिलेला कागद मतदारानं आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. शाळेच्या खोलीत पोत्याचा आडोसा केला होता. आजी सांगायची, "आडूशामागं पेट्या मांडल्याल्या. एकीवर बैलजोडी, एकीवर कणीस-इळा. दावणीची बैलं डोळ्यापुढं आली गं बाई. हात तिकडंच जायला लागला." शेतकऱ्याच्या बाईला काँग्रेसची बैलजोडी सोडून नानांच्या कणीस-विळ्याच्या पेटीत मत टाकणं सोपं नव्हतं, आणि समितीच्या प्रचारकांना याची फार धास्ती होती. आजोबांनी तिला घरी दहादा समजावलं होतं. तिनं मात्र आजोबांसाठी मत दिलं नाही, हे ती आम्हाला आवर्जून सांगायची. तिच्या वडिलांचा बांध ज्यांच्या राज्यात ठरला त्यांना तिनं मत दिलं. कागद पेटीत टाकल्यावर पेटीला हात लावून तिनं नमस्कार केला, तेव्हा टेबलामागचा मास्तर हसला. "हसू दे. माझ्या बाच्या बांधाला नमस्कार केला म्या."

नाना सातारा मतदारसंघातून निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसची दाणादाण उडवली. विधानसभेत शंभरावर आमदार गेले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कराडातून निसटत्या मतांनी वाचले. लोकसभेत डांगे, ना. ग. गोरे, नाथ पै, दादासाहेब गायकवाड, आणि त्यांच्या बरोबरीनं धोतर, पटका आणि भरघोस मिशांचे नाना.

दिल्लीत नानांनी काय केलं? नाथ पैंसारखं इंग्रजीवर त्यांचं प्रभुत्व नव्हतं, डांग्यांसारखी आकडेवारी नव्हती. राज्यघटनेच्या १२० व्या कलमात एक सोय आहे. ज्या सदस्याला हिंदीत किंवा इंग्रजीत आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं. संसदेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून नानांचं नाव सांगितलं जातं. या गोष्टीकडं आपण कौतुकानं पाहतो आणि सोडून देतो. मला ती संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा गाभा वाटते. मराठी राज्य हवं याचा अर्थ नानांच्या मतदारांना पुस्तकातून कळला नव्हता. आमचा माणूस देशाच्या सर्वांत मोठ्या सभेत आमच्या बोलीत उभा राहतो आणि त्याचं ऐकून घ्यावं लागतं, यातून तो कळला. फडातल्या न्यायदान मंडळात जे समजत होतं आणि इस्लामपूरच्या कोर्टात जे समजत नव्हतं, त्यातलं अंतर नानांनी दिल्लीत जाऊन दाखवलं.

निवडणुकीनंतरही राज्य मिळायला तीन वर्षं लागली. त्यात सातारा जिल्ह्याच्या वाट्याला आलेला मोठा दिवस म्हणजे ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू येणार होते. समितीनं ठरवलं, वाटेवर दुतर्फा उभं राहायचं, काळी निशाणं दाखवायची, पण दगड एकही उचलायचा नाही. आजोबा आणि गावचे काहीजण कोरेगावहून वाईपर्यंत निम्मे चालत, निम्मे ट्रकमधून गेले. पसरणीच्या घाटात थंडीत रात्र काढली. आजीनं चार दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या होत्या आणि निशाणासाठी आपलं जुनं काळं चंद्रकळेचं लुगडं फाडून दिलं होतं. एवढा जमाव, दोन बाजूंना दोन तट, आणि मधून देशाचा पंतप्रधान. एक दगड भिरकावला गेला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. तसं झालं नाही. आजोबा सांगत की गाड्यांचा ताफा गेल्यावर घाटात बराच वेळ कोणी बोललंच नाही. मग कोणीतरी भाकरीचं गाठोडं सोडलं. त्या दिवसाची शिस्त पाहून दिल्लीचं मन हललं असं पुष्कळांनी लिहिलं आहे. आमच्या घरात त्याचं श्रेय समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिलं जायचं. मला त्यात प्रतिसरकारच्या शिस्तीचाही भाग दिसतो. घाटात उभे असलेले कित्येकजण पंधरा वर्षांपूर्वी भूमिगतांचा निरोप ऐकून तोंड बंद ठेवायला शिकलेले होते.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना द्वैभाषिक मोडण्याचा विचार पुढं सरकला. यशवंतरावांनी दिल्लीला हे राज्य चालणार नाही हे पटवलं. १९६० च्या एप्रिलमध्ये संसदेनं कायदा केला आणि १ मे ला महाराष्ट्र झाला. दाजी म्हणाले, बघा. आजोबाही म्हणाले, बघा. माझं मत विचाराल तर रस्त्यावरचा आणि मतपेटीतला रेटा नसता तर यशवंतरावांच्या हाती दिल्लीला दाखवायला काही नव्हतं, आणि यशवंतराव नसते तर तो रेटा आणखी दहा वर्षं भिंतीवर आपटत राहिला असता. एकाच खोऱ्यातल्या दोन माणसांनी दोन टोकांनी हे काम केलं. त्यांतल्या एकाचं नाव आज सर्वत्र आहे, दुसऱ्याची खासदारकी विस्मरणात गेली आहे, हे बरोबर नाही.

राज्य आलं तेही पूर्ण आलं नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार पलीकडंच राहिली. जिथं १९४६ साली मराठी राज्याचा ठराव झाला ते बेळगाव आजही बाहेर आहे आणि २००४ पासून महाराष्ट्राचा त्यावरचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सांगली जिल्ह्यात याची उलटी बाजू दिसते. दक्षिण साताऱ्याला १९६० च्या नोव्हेंबरात सांगली हे नाव मिळालं, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुक्यातली गावं पाण्यावाचून राहिली. इतकी, की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो असा ठराव त्यांतल्या काही गावांनी केला आणि २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा आधार घेऊन या गावांवर हक्क सांगितला. तेव्हा आपल्याकडं मोठा संताप झाला. संताप योग्यच होता. पण जतच्या शेतकऱ्याचा प्रश्न आजोबांच्या प्रश्नाहून वेगळा नाही. सरकार आपलं आहे हे कळायला ते आपल्या भाषेत बोलावं लागतं, आणि बोलल्याप्रमाणे बांधावर यावंही लागतं. नानांच्या प्रतिसरकारनं दोन्ही केलं होतं.

नानांच्या पुढच्या वाटचालीबद्दल थोडंच सांगतो. १९६२ ला साताऱ्याची जागा काँग्रेसच्या किसन वीरांकडं गेली. किसन वीर म्हणजे प्रतिसरकारचेच साथी, येरवड्याचा तुरुंग फोडून बाहेर आलेले. १९६७ ला त्याच जागेवर यशवंतराव आले. दहा वर्षांत एका मतदारसंघानं ४२ ची तीन माणसं लोकसभेत पाठवली, तिघंही वेगवेगळ्या वाटांनी तिथं पोचलेली. असा दुसरा मतदारसंघ मला माहीत नाही. नाना १९६७ साली पुन्हा निवडून आले ते मराठवाड्यातल्या बीडमधून. म्हणजे चौथ्या लोकसभेत यशवंतराव सरकारच्या बाकांवर आणि नाना समोर, असे कृष्णाकाठचे दोघं एका सभागृहात बसत होते. साताऱ्यानं सोडलेला माणूस बीडनं उचलला, याची खंत आजोबांना कायम राहिली. बीडच्या मतदारांचे मी इथं आभार मानतो.

६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी वाळव्याला झाला, जिथं किसन अहीर आणि नागनाथअण्णांसारखे साथी त्यांना मिळाले होते. किसन अहीर १९४६ च्या फेब्रुवारीत मणदूरच्या चकमकीत पडले, आणि त्यांच्या नावाचा साखर कारखाना वाळव्यात उभा आहे. आजी नानांच्या अंत्यविधीच्या दिवशी माहेरी होती. तिनं पाहिलेली गर्दी तिनं पुन्हा दुसऱ्या कोणाच्या अंत्ययात्रेला पाहिली नाही, असं ती म्हणायची.

आजी, आजोबा, मोठे आबा, दाजी, आता यांतलं कोणीच नाही. त्यांचं सांगणं मी ऐकलं पण त्या वेळी कुठं टिपून ठेवलं नाही, आणि आज जे लिहिलं ते आठवणीवर लिहिलं आहे. १९५७ साली मतदानाचं वय २१ होतं. नानांच्या पेटीत किंवा बैलजोडीच्या पेटीत कागद टाकलेला सर्वांत तरुण मतदारही आज नव्वदीच्या घरात आहे. साताऱ्यात, सांगलीत, बीडमध्ये, गिरणगावातून परत आलेल्या घरांमध्ये अशी माणसं अजून आहेत. तुमच्या घरात, शेजारी, भावकीत असं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, फोनवर त्यांचा आवाज नोंदवून घ्या, आणि पहिला प्रश्न हाच विचारा, की ५७ ला कोणाच्या पेटीत मत टाकलंत, आणि का.